खुडूक बसते, पण पिल्लं हाती लागत नाहीत: बिघाड कुठे झाला ते न फुटलेल्या अंड्यात शोधा

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, चार पिल्लं निघाली आणि पंधरवड्यात त्यांतलं एकच उरलं. पुढच्या खेपेलाही तेच. अशा वेळी बोल कोंबडीला लागतो, नाहीतर हवेला, नाहीतर कुणाच्या तरी नजरेला. ज्या आठ अंड्यांत खरं उत्तर असतं, ती मात्र उकिरड्यावर जातात. ती फेकू नका. पिल्लू कितव्या दिवशी मेलं हे कळलं की निम्मं निदान तिथेच होतं, कारण तिसऱ्या दिवशी मारणारी कारणं वेगळी आणि विसाव्या दिवशी मारणारी वेगळी. गावठी कोंबडी असो की हौसेने पाळलेली बँटम (बुटक्या जातीची लहान कोंबडी), हिशेब हाच.

आधी दिवस मोजायची पद्धत पक्की करा. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा. मंगळवारी रात्री कोंबडी बसवली तर त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी २१ दिवस होतात, म्हणजे वार लक्षात ठेवला तरी पुरे. बाविसाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत वाट बघा, मग उरलेली अंडी काढा.

अंडं फोडून काय बघायचं

घराबाहेर, पसरट ताटलीत, नाकाला फडकं बांधून अंडं त्याच्या बोथट टोकाकडून फोडा. त्या टोकाला हवेची पोकळी असते. ज्या अंड्यातून पाणी पाझरतंय, ज्याचं कवच काळपट पडलंय किंवा ज्याला वास सुटलाय ते फोडायच्या भानगडीत पडू नका. ते बंदुकीसारखं उडतं आणि वास दोन दिवस जात नाही. ते अलगद उचलून खड्ड्यात पुरा.

बलक पिवळा, शाबूत आणि आत काहीच धरलेलं दिसत नसेल, तर अंडं एक तर फलित नव्हतं किंवा गर्भ पहिल्या दोन दिवसांतच गेला. रक्ताचं कडं किंवा रक्ताची रेघ दिसली तर मृत्यू पहिल्या आठवड्यातला. काळा डोळा स्पष्ट दिसतोय पण अंगावर लव नाही, तर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसातला. अंगभर लव आहे पण बलकाची पिशवी अजून पोटाबाहेर आहे, तर पंधराव्या ते अठराव्या दिवसाच्या आसपासचा. बलक पोटात गेलाय, पिल्लू पूर्ण तयार आहे, पण कवचाला टोच नाही किंवा टोच मारून तिथेच मेलंय, तर शेवटच्या दोन दिवसांतला. वहीत चार रकाने आखा (रिकामी, पहिला आठवडा, मधले दिवस, शेवटचे दिवस) आणि कोणत्या रकान्यात किती अंडी पडली ते लिहा. जो रकाना भरला, त्याच्याच मागे लागायचं.

थोडी मर नेहमीचीच असते. पहिल्या आठवड्यात एखादं आणि शेवटच्या तीन दिवसांत एखादं जाणं हे उत्तम बसणाऱ्या कोंबडीखालीही घडतं. बारातली नऊ-दहा निघत असतील तर हात लावू नका.

रिकामी अंडी: कोंबडा, की साठवण?

अंडी फलित आहेत का हे बघायला २१ दिवस थांबायची गरज नाही. स्वयंपाकाला घेतलेली तीन-चार ताजी अंडी बशीत फोडा. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं फलित नाही. फिकट मध्य आणि भोवती गोल कडं, असा तीन-चार मिलिमीटरचा ठिपका असेल तर फलित आहे. चारातली तीन अंडी नापास झाली तर कोंबडीला बसवण्यात अर्थ नाही, आधी कोंबडा बघा. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. कोंबडा म्हातारा, लंगडा किंवा फार जड असेल तर संख्या बरोबर असूनही काम होत नाही. एका आवारात दोन कोंबडे सतत झुंजत असतील तरी तोच परिणाम. नवा कोंबडा आणल्यावर किमान दहा दिवस जाऊ द्या. जुन्या कोंबड्याचं बीज मादीच्या शरीरात दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त टिकतं, म्हणून पिल्लं नव्याचीच हवी असतील तर तीन आठवडे थांबावं लागतं.

अंडी फलित आहेत, तरीही पहिल्या रकान्यात गर्दी आहे? मग साठवण. गावाकडच्या बऱ्याच खेपा इथेच फसतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. गावठी कोंबडी एका पाळीत १० ते १५ अंडी घालते, तीही रोज नाही. शेवटचं अंडं घालून ती खुडूक होईपर्यंत पहिलं अंडं १५-२० दिवसांचं झालेलं असतं. अंडी आठवड्याच्या आतली हवीत. त्यापुढे फुटण्याचं प्रमाण उतरत जातं आणि दोन आठवड्यांनंतर भरवसा उरत नाही. म्हणून पाटीत खुणेचं एकच अंडं ठेवा (दगडी गोटा किंवा प्लास्टिकचा चेंडूही चालतो), बाकीची रोज उचला आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घाला. शाईचं पेन किंवा मार्कर नको. कोंबडी बसली की शेवटच्या सात दिवसांतलीच अंडी तिच्याखाली द्या. कमी पडली तर शेजाऱ्याकडून ताजी आणा, जुनी घालून आकडा फुगवू नका.

ठेवायची कुठे हाही प्रश्न असतो. साठवणीला १५ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम. २७ अंशांच्या वर गेलं की गर्भ अर्धवट वाढायला लागतो, रात्री गार पडल्यावर थांबतो आणि असं दोन-चारदा झालं की मरतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असतं. म्हणून तिकडे जाणती माणसं उन्हाळ्यात कोंबडी बसवतच नाहीत. बसवायचीच असेल तर पसरट मडक्यात चार बोटं ओली वाळू, वर कोरडं फडकं आणि त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली करून. मडकं माठाशेजारी सावलीत ठेवा. धान्याच्या कणगीत अंडी खुपसून ठेवायची जुनी रीतही वाईट नाही, तिथे दिवसरात्रीचा फरक कमी जाणवतो. फ्रिजचे ४ अंश मात्र फार थंड, शिवाय बाहेर काढल्यावर कवचाला घाम सुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतू आत जातात.

अंडी धुऊ नका. कवचावर जंतूंना अडवणारा एक पातळ थर असतो, तो पाण्याने जातो. विष्ठा लागली असेल तर सुकल्यावर नखाने किंवा बारीक पॉलिश पेपरने खरवडा. फार माखलेलं अंडं सरळ खायला वापरा.

पहिल्या आठवड्यातली मर

रक्ताची कडी जास्त निघत असतील तर तीन गोष्टी तपासा. अंडी दुसऱ्या गावाहून दुचाकीच्या डिकीत धक्के खात आली का? आणलेली अंडी बोथट टोक वर करून १२ ते २४ तास स्थिर ठेवल्याशिवाय कोंबडीखाली देऊ नका. कोंबडी पहिल्या दोन-तीन दिवसांत उठ-बस करत होती का? आणि तिच्याखाली अंडी किती होती?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग पडतो. सव्वा ते दीड किलोच्या गावठी कोंबडीला तिचीच १० ते १२ अंडी झाकता येतात, थंडीत ९-१०. वनराजा किंवा गिरिराजाची मोठी अंडी असतील तर ८-९ पुरे. या सुधारित जाती स्वतः सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी गावठीखालीच उबवावी लागतात. पंधरा ठेवली तर जास्तीची तीनच वाया जातील असं वाटतं, पण तसं होत नाही. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते आणि आतली कडेला ढकलते. त्यामुळे उघडं राहणारं अंडं रोज वेगळं असतं आणि सगळीच आळीपाळीने गारठतात. कोंबडी बसली असताना पंखांच्या कडेने एकही अंडं दिसता कामा नये, हीच खरी मोजणी.

मोबाईलच्या टॉर्चने सातव्या दिवशीची तपासणी

रात्री, अंधारात, टॉर्चवर मूठ धरून बोटांच्या गोल फटीवर अंड्याचं बोथट टोक टेकवा. मधोमध गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फुटलेल्या दिसल्या की अंडं जिवंत. आरपार पिवळं दिसलं तर रिकामं. शिरा नाहीत पण लाल कडं आहे, तर मेलेलं. रिकामी आणि मेलेली काढून टाका, नाहीतर पुढे तीच कुजून फुटतात आणि चांगल्यांनाही नासवतात. शंका असेल त्यावर फुली मारा आणि दहाव्या दिवशी पुन्हा बघा. अठराव्या दिवसानंतर टॉर्च बंद.

शक्य असेल तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. सातव्या दिवशी दोघींची मिळून १३-१४ अंडी जिवंत निघाली तर ७-७ अशी वाटा. दोघींची मिळून ११-१२ च उरली तर एकीला सगळी देऊन दुसरीखाली ताजी अंडी घालता येतात. मात्र या दुसरीचा एक आठवडा आधीच बसण्यात गेलेला असतो, हे लक्षात ठेवून तिचा खुराक वाढवा.

मधल्या दिवसांत मेली तर खुराडं नव्हे, खुराक बघा

आठव्या ते सतराव्या दिवसांत फार मर होत नाही. तिथे तीन-चार अंडी सापडली तर बहुधा कळपाला नुसत्या तांदळाच्या कणीवर ठेवलेलं असतं. अंड्यात जीवनसत्त्वं, विशेषतः ब गटातली, कमी पडली की गर्भ मध्येच थांबतो, आणि निघालेल्या पिल्लांची बोटं आत वळलेली दिसतात. अंडी ठेवायच्या तीन आठवडे आधीपासून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य निम्मं मिसळा, शेवग्याचा किंवा मेथीचा ताजा पाला द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. दुसरं कारण नात्यातलं: तोच कोंबडा तीन वर्षं स्वतःच्या लेकी-नातींवर. वर्षाआड कोंबडा बदला.

शेवटचे तीन दिवस

पूर्ण तयार पिल्लू कवचातच मेलेलं बघणं सगळ्यात जिवाला लागतं, आणि माणसाच्या हाताने होणारं सगळ्यात जास्त नुकसानही इथलंच.

अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटावं लागतं. ४० ग्रॅमचं अंडं ३५ वर यायला हवं. पाणी उडून गेलं की हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. जुलैत कोकणात, गळक्या पत्र्याखाली, ओल्या पेंढ्यात हे पाणी उडत नाही. पिल्लू फुगलेलं, ओलं निघतं किंवा बुडून मरतं. याच्या उलट फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या टोपल्यात आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला अंगच फिरवता येत नाही. ओल्या दिवसांत उपाय एकच: पेंढा कोरडा, पाटी जमिनीपासून वर. कोरड्या दिवसांत पाटीच्या तळाला तीन बोटं वाळू किंवा माती, त्यावर पेंढा, आणि अठराव्या दिवशी कडेने वाळूत अर्धी वाटी पाणी. अंड्यांवर पाणी शिंपडू नका. अंडं कोमट पाण्यात टाकून हलतं का बघायची चाल कित्येक घरांत आहे. कवचाला केसाएवढी चीर पडलेली असेल तर त्या परीक्षेतच पिल्लू बुडतं.

टोच पडल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागतात. या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढत असतं आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात. उत्साहाने कवच सोललं की रक्त येतं, आणि मग काही करता येत नाही. २४ तास उलटले, भोक पडलंय, आवाज येतोय, पण पापुद्रा कागदासारखा तपकिरी झालाय, एवढ्याच वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओला करा, नखाएवढं कवच काढा आणि परत कोंबडीखाली ठेवा. रक्ताचा टिपका दिसला की थांबा.

अठराव्या दिवसानंतर कोंबडी उठत नाही. तिला हाकलू नका, दाणा-पाणी तिच्या चोचीच्या पल्ल्यात ठेवा.

पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक शत्रू असतो: लाल मुंग्या. टोच पडलेल्या भोकातून त्या आत शिरतात आणि सकाळी पोकळ कवच उरतं. पाटी चार पायांच्या घडवंचीवर ठेवून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवा आणि पाण्यात तेलाचे दोन थेंब टाका. घडवंची भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर मुंग्या भिंतीवरून येतात.

विजा कडाडल्या की अंडी नासतात, असं बऱ्याच ठिकाणी मानतात, आणि म्हणून पाटीत कोळसा, लोखंडाचा तुकडा किंवा सुकी मिरची ठेवतात. वीज पिल्लाला मारत नाही. विजेबरोबर येणारा पाऊस, उडून जाणारं छप्पर, भिजलेला पेंढा आणि घाबरून उठलेली कोंबडी मारते. खिळा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण पाटीखाली, म्हणजे अंडं फुटणार नाही. आणि त्याआधी पत्र्याचं भोक बुजवा.

कोंबडी मध्येच उठून जाते

आधी ती खरंच खुडूक होती का ते बघा. खरी खुडूक कोंबडी रात्रीही पाटीतच असते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, छातीखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते, आणि दिवसातून एकदाच, मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. दुपारी बसून संध्याकाळी दांडीवर चढणारी कोंबडी खुडूक नव्हे. दोन-तीन दिवस गोट्यांवर बसवून परीक्षा घ्या, मगच चांगली अंडी द्या. पहिल्या पाळीची तलंग (तरुण कोंबडी) बेभरवशाची. तिला पाच-सहाच अंडी देऊन शिकू द्या.

जागा बदलायची असेल तर अंधार पडल्यावरच. खुराड्यात इतर कोंबड्या त्याच पाटीत अंडी घालायला येत असतील तर कोंबडी बेजार होते, अंडी फुटतात, आणि रोज ताजं अंडं मिसळल्याने पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात. तीन पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन चालू लागते आणि मागची जिवंत अंडी गारठतात. म्हणून तिला स्वतंत्र, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पाटी गावठीसाठी ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची, मध्ये किंचित खोलगट. फार खोल असेल तर अंडी एकमेकांवर चढतात, अगदी सपाट असेल तर घरंगळतात. सापाची किंवा घुशीची भीती असेल तिथे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. नेहमीच्या मोठ्या भोकांच्या कोंबडी-जाळीतून उंदीर सहज जातो आणि लहान सापही.

कोंबडी रात्री उठत असेल तर नऊ-दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन पाटीच्या विणीत बघा. लाल कोळी (बारीक परजीवी किडे) दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. २१ दिवस एका जागी बसलेली कोंबडी त्यांना आयती मेजवानी. बसवण्याआधी पाटी कडक उन्हात वाळवा, फटींवर उकळतं पाणी ओता, पेंढा नवा घाला आणि खाली चाळलेली राख व वाळलेला कडुनिंबाचा पाला पसरा. कोंबडीच्या पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं उलगडून उवा बघा. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते, पण डोळ्यांत गेली तर डोळा जाऊ शकतो, कोंबडीचा आणि तुमचाही. कोंबडीखाली अंडी ठेवणार असाल त्या आठवड्यात ही पूड नकोच.

अठराव्या दिवसापर्यंत रोज एकदा १५-२० मिनिटं कोंबडी उठली पाहिजे: खायला, प्यायला, धुळीत लोळायला. उठतच नसेल तर हलक्या हाताने उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखांखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघा. खायला ज्वारी, मका, गहू असे अख्खे दाणे. उबवणीच्या काळात तिचं वजन घटणं ठरलेलंच असतं. हाड हाताला टोचायला लागलं तर मात्र खाणं पाटीजवळ न्या.

आणि कोंबडी दोन तास बाहेर राहिली, अंडी गार लागली, म्हणून ती लगेच टाकू नका. पहिला आठवडा उलटलेल्या गर्भाला काही तासांचा गारवा बरेचदा सोसतो. कोंबडीला परत बसवा आणि चार दिवसांनी टॉर्च लावा. फुटणं एखादा दिवस लांबेल. उलट उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालचं अंडं फार लवकर मरतं. उबवणीला ३७.५ ते ३८ अंश लागतात, ४० च्या पुढे तासाभराची चैनही परवडत नाही. पत्र्यावर गवताचा थर किंवा ओली पोती टाका.

बँटम बसवणाऱ्यांसाठी

बँटम कोंबड्या खुडूक व्हायला तयारच असतात, आणि बसल्या की हटत नाहीत. पण ६०० ते ८०० ग्रॅमच्या कोंबडीखाली स्वतःची ६-७ अंडी, गावठीची ४-५, याहून जास्त नकोत. पाटी २५ सेंटिमीटरची पुरते. बँटमची अंडी बरेचदा १९-२० दिवसांतच फुटतात. गावठीची आणि बँटमची एकत्र ठेवायची असतील तर बँटमची एक दिवस उशिरा घाला, नाहीतर वर सांगितलं तसं आई अर्ध्यावर उठते. सिल्की या मऊ पिसांच्या जातीच्या पिसांना दोऱ्यासारखी गुंतायची खोड असते. पिल्लाच्या मानेला किंवा पायाला पिसांचा फास बसून ते मरतं. अठराव्या दिवसाआधी तिच्या पोटाखालची लांब पिसं कात्रीने आखूड करा. बँटमचं पिल्लू एक इंची जाळीतून आरपार बाहेर जातं, त्यामुळे खालच्या फूटभर उंचीला अर्धा इंचीच लावा.

निघाली, पण टिकत नाहीत

पहिला दिवस-दीड दिवस काही देऊ नका, पोटात बलक असतो. आई पिल्लांना घेऊन उतरली की सुरू करा.

नुसती तांदळाची कणी हे पिल्लं खुरटण्याचं मोठं कारण. कणीत प्रथिनं ७-८ टक्के, पिल्लाला हवीत २० च्या आसपास. तयार स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) मिळत असेल तर तेच सोयीचं. नसेल तर एक किलोसाठी: मका किंवा ज्वारीचा बारीक भरडा ५५० ग्रॅम, सोयापेंड ३०० ग्रॅम, सुक्या मासळीची पूड ८० ग्रॅम, तांदळाचा कोंडा ५० ग्रॅम, खनिज मिश्रण २० ग्रॅम. मासळी खारवलेली असेल तर धुऊन पुन्हा वाळवा. मिठाने पिल्लं तहानून, लटपटून मरतात. बुरशी आलेली शेंगपेंड किंवा मका कधीच नको. दहा पिल्लांना पहिल्या आठवड्यात दिवसाला ६०-८० ग्रॅम पुरतं. वाळवीचं ढेकूळ आणून टाकायची जुनी सवय उत्तम आहे, फक्त त्या बांधावर औषध मारलेलं नसावं.

आई खाद्य उकरून उधळते आणि अर्धं स्वतः खाते. यावर तोडगा म्हणजे खाद्याच्या थाळीवर फटी असलेलं डालगं किंवा उपडा क्रेट ठेवायचा. पाच सेंटिमीटरच्या फटीतून पिल्लं आत जातात, आई बाहेर राहते. पाणी बशीत, त्यात गोटे टाकून, बोटाच्या पेराएवढंच खोल. बशी विटेवर ठेवली की पेंढा ओला होत नाही.

हा ओला पेंढाच तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण आणतो. पिल्लं गोळा होऊन बसतात, पंख खाली सोडतात, विष्ठा तांबूस होते. अँप्रोलियम या औषधाची २० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरभर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस, आणि त्या काळात दुसरं पाणी नाही. पाकिटावरची टक्केवारी वाचा, पशुवैद्यकाला विचारून घ्या, आणि अंथरूण बदलल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही हे धरून चाला.

मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, एका रात्रीत सगळं आवार रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी ची सुई, असा सर्वसाधारण क्रम. देवीची लस सहा-सात आठवड्यांच्या सुमारास. लशीची बाटली १०० किंवा २०० मात्रांची येते आणि तुमची पिल्लं नऊ, म्हणून टोचणी राहून जाते. वाडीतल्या चार-पाच घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर एक बाटली सगळ्यांना पुरते. लस बर्फात आणा, विरघळवल्यावर दोन तासांत संपवा, ऊन चढायच्या आत टोचा. आजारी दिसणाऱ्या पिल्लांना टोचू नका.

पहिले आठ-दहा दिवस माय-लेकरं जाळीच्या आत किंवा डालग्याखाली. दुसऱ्या आठवड्यापासून ऊन वर आल्यावर मोकळी सोडा. सकाळच्या दवात भिजलेलं पिल्लू दुपारपर्यंत गारठून जातं. घार आणि कावळ्यासाठी अंगणात आडोसा लागतो: तुरीच्या काड्यांचा भारा, तिरका टेकवलेला पत्रा, काहीही. आईने इशारा दिला की पिल्लांना चार ढांगांत लपता आलं पाहिजे. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, त्यावर आडोसा चालत नाही, कुत्रा चालतो.

दुसऱ्या कोंबडीची पिल्लं हिच्याखाली द्यायची असतील तर रात्री, अंधारात, छातीखाली सरकवा, आणि तीही दोन-तीन दिवसांच्या आतलीच. त्यापुढे आईला आपली कोणती ते कळायला लागतं आणि ती परक्याच्या डोक्यात चोच मारते. एका गावठी आईला १२ ते १५ पिल्लं सांभाळता येतात, थंडीत दहा.

सहा ते आठ आठवड्यांनी आई पिल्लांना टोचून दूर करायला लागते आणि तिचा तुरा पुन्हा लाल होतो. तेव्हा पिल्लं वेगळ्या खुराड्यात हलवा, रात्री दांडीवर बसायला शिकेपर्यंत अंथरूण जाड ठेवा. आईला निदान महिनाभर भरपूर खुराक मिळाल्याशिवाय पुढच्या खुडुकीला अंडी देऊ नका. ती बसायला तयार असेल, तरीही. तशा वेळी तिला जाळीच्या तळाच्या, पेंढा नसलेल्या उघड्या पिंजऱ्यात दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली वारा लागला की खुडूक मोडते. गार पाण्यात बुचकळायची गरज नाही.